मोनालिसा बाजूला ठेवा, लाल पागोट्यापासून सुरुवात करा

प्रश्न चोपड्याच्या एका कलाशिक्षिकेचा आहे. एटीडी म्हणजे कलाशिक्षक पदविका झालीय, तैलरंगात निसर्गचित्रं आणि काही व्यक्तिचित्रं केलीत. रेनेसाँ काळातली (पंधराव्या-सोळाव्या शतकातली) तैलरंगाची पद्धत शिकायची म्हणून त्यांनी मोनालिसाची कॉपी करायला घेतली. दोन बाय तीन फुटांचा तयार कॅनव्हास, ट्यूबमधले रंग, समोर मोबाइलवरचा फोटो. चेहरा पुसून पुसून पुन्हा केला, तरी पिठूळ दिसतो आणि सावल्या मळकट होतात. काय चुकतंय, आणि खानदेशात राहून हे खरंच शिकता येईल का, असं त्यांनी विचारलंय.

ताई, येईल, आणि घरी बसून येईल. तुमचं रेखांकन कच्चं नाही आणि रंगाची नजरही चांगली आहे. चुकतोय तो थरांचा क्रम. आपल्याकडे तैलरंग शिकवतात तो बहुतेक एका थरात. हवी ती छटा पॅलेटवर मिसळायची आणि जागेवर लावायची. उजळ हवं तर पांढरा घालायचा, गडद हवं तर अंबर हा मातकट तपकिरी नाहीतर काळा. या पद्धतीने उत्तम चित्रं होतात, पण ती नंतरच्या काळातली आहे. पंधराव्या शतकातल्या चित्रकाराचा पांढरा मुख्यतः चित्राच्या तळाशी असायचा. शुभ्र, गुळगुळीत अस्तरावर तो पातळ पारदर्शक थर चढवत जायचा. उजेड त्या थरांतून आत शिरतो, अस्तरावर आपटतो आणि रंग घेऊन परत येतो. संक्रांतीचा पतंग उन्हाकडे धरला की कागदाचा रंग कसा उजळून निघतो आणि तोच पतंग जमिनीवर ठेवला की कसा बसका दिसतो, तेवढाच फरक या दोन पद्धतींत आहे. तुमच्या मोनालिसाच्या गालावरच्या सावलीत टायटॅनियम व्हाइट गेलाय. त्याने उजेड वरच्यावर अडवला, म्हणून सावली राखाडी झाली.

तेव्हा कॉपी करताना चित्र कसं दिसतं याच्या मागे लागू नका. ते कोणत्या क्रमाने घडलं तो क्रम उतरवा, दिसणं त्यातूनच येतं. कॉपीची परंपरा आपल्या भागाला नवी नाही. मेजर रॉबर्ट गिल यांनी १८४४ सालापासून कित्येक वर्षं अजिंठ्याच्या लेण्यांत राबून भित्तिचित्रांच्या मोठमोठ्या प्रतिकृती तैलरंगात केल्या. त्यांतल्या बहुतेक १८६६ साली लंडनच्या क्रिस्टल पॅलेसच्या आगीत गेल्या. त्यांची कबर भुसावळला आहे. गिल यांचं काम नोंद करण्याचं होतं, म्हणून मूळ भिंतीवर नसलेलं माध्यम त्यांनी वापरलं तरी बिघडलं नाही. तिथे माती-भुशाचा गिलावा, वर चुन्याचा हात आणि सरसा-डिंकात कालवलेले रंग, तेलाचा संबंधच नाही. तुम्हाला मात्र पद्धत शिकायचीय, म्हणून पाया, माध्यम आणि क्रम तिन्ही मूळचे हवेत.

आता मोनालिसा का नको ते सांगतो. लिओनार्दोने त्वचेवरच्या सावल्या इतक्या पातळ थरांनी चढवल्यात की २०१०मध्ये क्ष-किरणांनी मोजमाप केलं तेव्हा ते सगळे थर मिळून ३० ते ४० मायक्रॉनच (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) भरले. शिवाय आज जे दिसतं त्यात पिवळ्या पडलेल्या जुन्या वॉर्निशचा वाटा मोठा आहे. माद्रिदच्या प्रादो संग्रहालयात लिओनार्दोच्या कार्यशाळेतच झालेली मोनालिसाची प्रत आहे. २०१२ साली ती स्वच्छ होऊन लोकांसमोर आली तेव्हा बाह्यांचा लाल आणि मागच्या डोंगरांचा निळा किती ताजा होता ते सगळ्यांनी पाहिलं. शिकणारा माणूस मोनालिसाचा फोटो समोर ठेवतो तेव्हा पाचशे वर्षांचं वॉर्निशही इमानदारीने उतरवून बसतो. तुमचा तो कॅनव्हास भिंतीकडे तोंड करून ठेवून द्या.

त्याऐवजी पंधराव्या शतकातले फ्लेमिश (आजच्या बेल्जियमकडचे) चित्रकार यान व्हान आइक यांचं लाल पागोटं घातलेल्या माणसाचं चित्र घ्या. बहुधा ते त्यांचं स्वतःचंच आहे. लंडनच्या नॅशनल गॅलरीत असतं, चौकट मूळचीच आहे आणि तिच्यावर तारीख आहे २१ ऑक्टोबर १४३३. ओकच्या फळीवर रंगवलेलं, सुमारे २६ × १९ सेंमी. म्हणजे ए-फोर कागदावर खऱ्या मापात बसतं, आणि शिकायला याहून सोयीचं माप नाही. अर्ध्याहून जास्त चित्र काळोखात आहे, उरतो चेहरा, डोळे आणि लाल कापड. एवढ्यात सगळे धडे येतात. गॅलरीच्या संकेतस्थळावर चित्र खूप मोठं करून पाहता येतं. जळगावला चांगल्या डिजिटल लॅबमधून मॅट कागदावर तीन प्रिंट काढून घ्या. एक खऱ्या मापाची, एक नुसत्या डोळ्यांची चौपट मोठी, आणि एक खऱ्या मापाचीच पण कृष्णधवल. मोबाइल समोर ठेवून काम करू नका, त्याचा पडदा स्वतः उजेड फेकतो आणि सावल्यांचा अंदाज हमखास चुकवतो.

तैलरंगाचा शोधच व्हान आइक यांनी लावला असं अजून पुष्कळ ठिकाणी लिहिलेलं असतं. ते इटालियन चित्रकार-चरित्रकार वासारीने १५५०मध्ये लिहिलं आणि चालत राहिलं. सुकणारी तेलं त्याआधी कित्येक शतकं चित्रकलेत होती, अफगाणिस्तानातल्या बामियानच्या गुहांतही सापडली आहेत. व्हान आइक यांचं मोठेपण ते तेल कसं वापरलं यात आहे.

फळीसाठी ६ मिमी एमडीएफ घ्या. सातपुड्याकडचं जुनं सागवान घरात पडलेलं असतं आणि ते वापरायचा मोह होतो, पण सागात स्वतःचं तेल असतं, अस्तर नीट धरत नाही. अस्तर सरस आणि खडूच्या पुडीचं. एक भाग सरस बारा-पंधरा भाग पाण्यात रात्रभर भिजवा, सकाळी भांडं गरम पाण्यात ठेवून विरघळवा. उकळू देऊ नका, उकळलेला सरस धरत नाही. थंड झाल्यावर तो सैलसर गोठला पाहिजे, घट्ट झाला तर पाणी वाढवा, नाहीतर अस्तराला तडे जातात. पहिला हात नुसत्या सरसाचा, फळीच्या दोन्ही बाजूंना आणि कडांनाही. मग कोमट सरसात खडूची पूड हलक्या हाताने सोडत पातळ सायीइतकं दाट करा आणि सहा-आठ हात द्या, एक आडवा तर पुढचा उभा. वाळलं की ४०० नंबरच्या पॉलिश पेपरने घासा. बोट फिरवलं तर कुठेही अडता कामा नये. यात दोन दिवस जातात आणि पुढचं सगळं काम यावर उभं राहतं. तयार कॅनव्हासच्या विणीवर या पद्धतीचा चेहरा होणारच नाही.

तेल जवसाचं. जवस आपल्या चटणीतला, पण घाण्याचं तेल थेट रंगात घालू नका, त्यात चिकट द्रव्यं असतात. ते पाणी, बारीक वाळू आणि थोडं मीठ घालून काचेच्या बरणीत रोज हलवायचं, निवळू द्यायचं, वरचं तेल काढून घ्यायचं, आणि खालचं पाणी स्वच्छ दिसेपर्यंत हे करत राहायचं. मग पसरट काचेच्या भांड्यात, वर काच टेकवून पण हवेला फट ठेवून, उन्हात ठेवायचं. आपल्याकडच्या उन्हात ते लवकर फिकं आणि दाटसर होतं. पहिल्या चित्रासाठी एवढं करण्याची गरज नाही, कलासाहित्याच्या दुकानातली लिन्सीड ऑइलची बाटली पुरते. मात्र सरकीचं किंवा शेंगदाण्याचं तेल कोणी सुचवलं तर ऐकू नका, त्यांचा कडक पापुद्रा कधीच धरत नाही. टर्पेंटाइनही जपून घ्या. हार्डवेअरच्या दुकानातलं बहुधा मिनरल टर्पेंटाइन असतं, ते ब्रश धुवायला ठीक. रंगात घालायला शुद्ध टर्पेंटाइनची छोटी बाटली वेगळी ठेवा. रॉकेल तर रंगाच्या जवळही नको.

रंग सात पुरेत. मूळ चित्रातला पांढरा म्हणजे शिशाचा सफेदा. तो विषारी आहे, घरात लहान मुलं असतील तर आणूच नका. टायटॅनियम घ्या, पण त्याच्यात खडूची बारीक पूड आणि तेलाचा थेंब काचेवर चांगला खलून घाला. खडू तेलात जवळजवळ पारदर्शक होतो, त्यामुळे टायटॅनियमचा कडकपणा उतरतो. हिंगुळाच्या जागी कॅडमियम रेड लाइट. लाखी तांबड्याच्या जागी अलिझरिन, पण ट्यूबच्या पाठीवरचा रंगद्रव्याचा क्रमांक वाचा. पीआर ८३ असेल तर तो उजेडात उडतो, पीआर १७७ घ्या. अल्ट्रामरीन मूळचा लाजवर्द दगडाचा आणि महागडा. १८२८पासून तो कृत्रिम बनतो आणि आपल्या कामाला पुरता चांगला आहे. बाकी यलो ऑकर, रॉ अंबर, आयव्हरी ब्लॅक. ब्रश मऊ, गोल, बारीक टोकाचे, सिंथेटिकच घ्या. मुंगसाच्या केसांचे ब्रश काही दुकानांत अजून मिळतात, पण त्यांच्यावर वन्यजीव कायद्याने बंदी आहे.

रेखांकन आधी कागदावर पूर्ण करा. ट्रेसिंग पेपरवर उतरवून मागून कोळसा घासा आणि फळीवर उठवा, किंवा रेषांवर सुईने छिद्रं पाडून खाका छापा. मग बारीक ब्रशने, पातळ अंबरने, सावलीच्या जागी समांतर रेषांची विण करा. व्हान आइक यांच्या चित्रांखाली असं रेखांकन अवरक्त किरणांच्या तपासणीत दिसतं. हे वाळलं की अख्ख्या फळीवर जवसाच्या तेलाचा अगदी पातळ हात, त्यात ऑकरचा आणि पांढऱ्याचा जरासा अंश, आणि लगेच कापडाने पुसून घ्या. अस्तराची शोष थांबते आणि शुभ्रपणा शाबूत राहतो.

व्हिडिओंमध्ये रेनेसाँच्या नावाखाली चेहऱ्याला आधी हिरवा हात दाखवतात. तो इटलीतल्या अंड्याच्या टेम्पेराचा, म्हणजे अंड्याच्या बलकात कालवलेल्या रंगांचा रिवाज आहे, इटालियन चित्रकार चेनिनोने इ.स. १४००च्या सुमारास त्याचं वर्णन लिहून ठेवलंय. या चित्राला तो लावू नका. इथे चेहऱ्याचा पहिला थर पांढरा, ऑकर आणि कॅडमियमच्या चिमटीचा, आणि तोही फक्त उजेडाच्या भागात. उजेड डावीकडून येतो. कपाळ, नाकाचा दांडा आणि गालाचं हाड इथे रंग थोडा जाड, तिथून सावलीकडे जाताना तो पातळ होत होत अस्तराला मिळतो. सावलीत पांढरा अजिबात नाही. तिथे खालच्या रेषांवर अंबर आणि थोडा तांबडा तेलात पातळ करून चढवायचा, वाळू द्यायचा, पुन्हा चढवायचा. एका बसण्यात सावली पुरी करायला जाल तर पुन्हा तीच मळकट सावली येईल. वरच्या थरात तेल खालच्यापेक्षा किंचित जास्त असू द्या, कमी असेल तर वरचा थर आधी कडक होऊन तडकतो. पण जास्त म्हणजे थेंबाने, चमच्याने घातलं तर सुरकुत्या पडतात.

अर्धछाया दिसत नसतील तर चाळीसगावला छायाचित्रकार केकी मूस यांच्या कलादालनात एक दिवस घालवा. ज्यांनी आपल्या बंगल्याला डच चित्रकार रेम्ब्राँटचं नाव दिलं, त्या माणसाच्या कृष्णधवल छायाचित्रांत चेहऱ्यावरचा उजेड कुठे वळतो आणि कुठे विरतो हे जितकं स्पष्ट दिसतं तितकं छापील पुस्तकांत दिसत नाही. जाताना तुमची कृष्णधवल प्रिंट सोबत न्या.

डोळ्याला सगळ्यात जास्त वेळ द्या. नॅशनल गॅलरीच्या अभ्यासकांनी या चित्रातल्या एका डोळ्याचे थर सूक्ष्मदर्शकाखाली उलगडलेत, त्यामुळे इथे अंदाज बांधावा लागत नाही. बुबुळाभोवतीचा पांढरा भाग नुसता पांढरा नाही, त्यात लाल आणि निळ्याचा अगदी सूक्ष्म अंश आहे. तो वाळल्यावर त्यावर लालसर रंगाचा विरळ पापुद्रा ओढलाय, पण चार जागा मुद्दाम उघड्या सोडल्यात. पापुद्रा ओला असतानाच त्यात हिंगुळाने बारीक शिरा ओढल्यात, म्हणून त्या कडेला फुटून मिसळतात, वर चिकटवलेल्या वाटत नाहीत. बुबुळ लाजवर्दाचं आहे, कडेला जवळजवळ शुद्ध, बाहुलीकडे येताना पांढऱ्या-काळ्याने मंदावलेलं. कडेजवळ काळे कण आहेत. बाहुली त्या निळ्यावरच काळ्याने ठेवलीय. सगळ्यात शेवटी सफेद्याचे चार ठिपके, एक बुबुळावर आणि तीन पांढऱ्या भागावर. हे ठिपके आणि खाली उघड्या सोडलेल्या चार जागा एकमेकांशी जुळतात, म्हणून डोळा ओला दिसतो. आपण सहसा एकच पांढरा ठिपका ठेवून मोकळे होतो. ताई, हा एक डोळा आधी वेगळ्या छोट्या फळीवर चौपट मापात करा, प्रत्येक थर वाळू देऊन. त्याला आठवडा-दोन आठवडे लागू देत. तो जमला की उरलेल्या चित्राची भीती जाते.

लाल कापडासाठीही वेगळी पट्टी करा. त्याच अस्तराची लांब फळी घेऊन चार भाग पाडा. पहिल्या भागात नुसतं रेखांकन, दुसऱ्यात त्यावर कॅडमियमने घडीची उंच बाजू आणि अलिझरिनने खोल बाजू, तिसऱ्यात वाळल्यावर अलिझरिनचा एक ग्लेझ (तेलात पातळ केलेला पारदर्शक थर), चौथ्यात घडीच्या पोटात आणखी दोन ग्लेझ. ही पट्टी भिंतीवर टांगून ठेवा आणि वर्गातल्या मुलांनाही दाखवा. ग्लेझ ब्रशने लावून तसाच सोडू नका. सुती कापडाने नाहीतर बोटाच्या टोकाने टिपा, म्हणजे ब्रशचे ओरखडे जातात आणि थर एकसारखा बसतो. त्या काळातल्या फ्लेमिश चित्रांत अशा टिपलेल्या कापडाच्या विणीच्या खुणा आजही सापडतात. पागोट्याच्या घड्या क्लिष्ट दिसतात पण चेहऱ्यापेक्षा सोप्या आहेत, तिथे घाबरायचं कारण नाही. अंगावरचा केसाळ काठाचा अंगरखा आणि मागचा काळोख पातळ थरांत उरकून घ्या. हनुवटीवरचे दाढीचे खुंट मात्र शेवटी, ब्रशच्या एका केसाने, आणि उजेडातले वेगळे, सावलीतले वेगळे.

आपल्याकडच्या हवेचा हिशेब आधी करा. तेल उडून जात नाही, हवेतला प्राणवायू घेऊन कडक होतं, त्यामुळे ऊब आणि उजेड असेल तर लवकर, दमट हवेत उशिरा. पावसाळ्यात सरसाच्या अस्तराला बुरशी धरते. मे महिन्यात जळगाव-भुसावळकडे पारा ४५ अंशांच्या आसपास जातो, थर पटकन सुकतात, पण वावटळीची धूळ चिकटते आणि फळी वाकते. दिवाळीनंतर अस्तर करा आणि होळीपर्यंत रंगकाम संपवा, हाच काळ चांगला. खिडकी उत्तरेची असू द्या आणि उजेड तुमच्याही डावीकडून येऊ द्या. ओल्या थरावर पहिले दोन दिवस केळीचा रिकामा खोका पालथा घाला. त्याला हवेची भोकं असतात, धूळ अडते आणि सुकणंही चालू राहतं. नंतर उजेडात काढा, सतत अंधारात राहिलेलं जवसाचं तेल पिवळं पडतं.

आणि तेलाच्या चिंध्यांचं कधीही विसरू नका. जवसाचं तेल लागलेलं कापड चुरगळून कोपऱ्यात टाकलं तर ते सुकताना आतून तापतं आणि आपोआप पेट घेऊ शकतं. आपल्या उन्हाळ्यात तर हा धोका फार मोठा. चिंध्या बाहेर मोकळ्या पसरून वाळवा किंवा पाण्याने भरलेल्या डब्यात टाका. वाळलेला रंग घासायची वेळ आली तर ओला पॉलिश पेपर वापरा, कॅडमियमची धूळ नाकात जाता कामा नये. ब्रशचं टोक ओठांनी जुळवायची सवय असेल तर ती आजच सोडा.

हे चित्र झालं की अंतोनेल्लो दा मेस्सिना यांचं १४७५च्या सुमाराचं लाल टोपीवाल्या माणसाचं चित्र घ्या. तेही लंडनला आहे, आणि फ्लेमिश पद्धत इटालियन हातात कशी बदलली ते त्यात दिसतं. त्यानंतर बेल्लिनी यांनी रंगवलेला व्हेनिसचा दोजे (तिथला राज्यप्रमुख) लोरेदान. मोनालिसाचा विचार त्याच्या पुढे.

वॉर्निशची घाई नको, निदान सहा महिने थांबा. तोवर धुळीपासून जपा, एवढंच. आणि फळीच्या मागे ‘यान व्हान आइक, १४३३, यांच्या चित्रावरून’ असं लिहून खाली तुमचं नाव आणि साल घाला. लूव्हरमध्ये कॉपी करणाऱ्यांना मूळ मापापेक्षा निदान एक पंचमांशाने लहान किंवा मोठं चित्र करण्याचं बंधन असतं. आपण शिकण्यासाठी खरं माप घेतोय, म्हणून मागची ही ओळ वगळू नका. तिच्याखाली अस्तर कशाचं, तेल कोणतं, कोणता थर कोणत्या महिन्यात चढवला, पांढऱ्यात खडू किती घातला, हेही पेन्सिलीने टिपून ठेवा. चार-पाच वर्षांनी कुठे पिवळं पडलं किंवा बारीक तडा दिसला, तर कारण तिथेच सापडेल.